मदत हवी आहे : स्केचबुकात कोलाज करताना कागद वर येतो, काय वापरू?

मी रत्नागिरीजवळ राहते आणि छंद म्हणून पावसाळी रानफुलांची स्केचेस करते. सध्या एकाच पानावर वॉटरकलर आणि कोलाज असं चाललंय: तेरड्याची पानं-देठ रंगानं, पाकळ्या पतंगी कागद फाडून. फाडलेल्या कडेला जो मऊपणा येतो तो ब्रशनं जमत नाही, त्यामुळे हे सोडायचं नाहीये.

अडचण चिकटवण्याची आहे. ग्लू स्टिकनं लावलं तर इथल्या दमट हवेत कडा सुटतात. पांढरा डिंक पाणी घालून लावला तर पान फुगतं आणि पतंगी कागदाचा रंग खालच्या चित्रात उतरतो. रात्रभर पुस्तकांखाली दाबून ठेवलं, फुगवटा थोडा कमी झाला, रंग उतरणं मात्र तसंच.

वही शिवलेली आहे, पानं २०० जीएसएमची (म्हणजे दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा कागद), त्यामुळे सुटं पान बोर्डाला ताणून लावता येत नाही. चिकटवलेल्या पाकळीवर नंतर वॉटरप्रूफ पेननं शिरा काढायच्या असतात, म्हणजे वरचा थर गुळगुळीत काचेसारखा नको. पावसाळ्यात हे कुणी केलं असेल तर सांगा: मॅट अॅक्रिलिक मीडियम (चकाकी न येणारं, वाळल्यावर पारदर्शक होणारं, चिकटवायलाही वापरतात ते) इथे चालेल का? आणि रंग उतरू नये म्हणून पतंगी कागदावर आधीच या मीडियमचा हात देऊन वाळवावा, की रंग न सोडणारा दुसरा पातळ कागदच शोधावा?