लायन किंगची तिकिटं: बसायचं कुठे?

प्रेषक: क्रॉयडनची आई

नमस्कार मंडळी,

सुट्टीत लंडनच्या लायसियम थिएटरला ‘द लायन किंग’ हे संगीत नाटक बघायला जायचं घरात चाललंय. लेक ११ वर्षांची आहे. ती म्हणते, चित्रपट पाठ आहे, गाणी फोनवर आहेत, मग परत तेच कशाला? तिकिटांचे भाव बघून तिचे बाबाही तिच्या बाजूला गेलेत. पाहिलेल्यांनी सांगा: खाली स्टॉल्समध्ये बसावं की वर रॉयल सर्कलला? आणि लेकीला काय सांगू?

प्रेषक: ईलिंगची काकू

अगं, तुझा मेल वाचला आणि मी थेट गिरगावात पोचले, केळेवाडीतल्या साहित्य संघ मंदिरात. वडिलांनी मला ‘कट्यार काळजात घुसली’ बघायला नेलं होतं. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. ती पदं घरी रेडिओवर सारखी लागायची, त्यामुळे मीही तुझ्या लेकीसारखीच कुरकुरत गेले होते. तिसरी घंटा झाली, दिवे गेले, ऑर्गनचा सूर लागला, आणि तो मला खुर्चीच्या लाकडातून पाठीला जाणवला. पुढे एका तानेला शेजारच्या आजोबांनी माझं मनगट घट्ट धरलं. ना ओळख ना पाळख. मागून ‘वन्स मोअर’ आला, पद पुन्हा झालं, आणि दुसऱ्या वेळी ताना नव्या होत्या. रेडिओवरच्या पदाला मी ऐकतेय की नाही याचं सोयरसुतक नव्हतं. इथे आजोबांनी दाद दिली म्हणून गाणं पुढे गेलं.

इकडे वेस्ट एंडला, म्हणजे लंडनच्या या नाट्यगृहांच्या भागात, वन्स मोअरची रीत नाही. पण प्रेक्षकांची गरज मात्र तेवढीच आहे, आणि ‘लायन किंग’मध्ये ती मला सगळ्यात जास्त कळली. लायसियमला हे नाटक १९९९ पासून चालू आहे. मी तीनदा पाहिलंय आणि चौथ्यांदा जाईन.

लेकीला सांग, यात प्राणी कोणी लपवून चालवत नाही. जिराफ म्हणजे हातापायांना चार काठ्या बांधून चालणारा माणूस, आणि त्याचा चेहरा तुला स्वच्छ दिसतो. हत्तीच्या पायांत चार माणसं असतात. दिग्दर्शिका ज्युली टेमर तरुणपणी काही वर्षं इंडोनेशियात राहून तिथली मुखवट्यांची, बाहुल्यांची नाटकं शिकली होती. तिनं ठरवलं की बाहुली आणि ती नाचवणारा, दोघंही दिसू देत. म्हणजे खोटं काय ते सगळं आपल्यासमोर मांडून ठेवलंय. सूर्य रेशमी पट्ट्यांचा आहे हे दिसतं, आणि तो वर चढायला लागला की घशात आवंढा येतो.

माझं सगळ्यात आवडतं दृश्य दुष्काळाचं. रंगमंचावर निळ्या रेशमाचा एक गोल पसरलेला असतो, तो तलाव. कोणी तरी खालून ते कापड जमिनीतल्या भोकातून हळूहळू ओढून घेतं. एवढंच. पाणी आटलं. आणि राजा गेल्यावर सिंहिणी डोळ्यांतून पांढऱ्या फिती ओढून काढतात, ते अश्रू. चित्रपटात सगळं काढून, रंगवून हातात दिलेलं असतं. इथे त्या कापडाचं पाणी आपण करायचं असतं. सुमारे दोन हजार लोक अंधारात एकाच वेळी ते करतात, आणि त्यातले एक आपण असतो. हा आनंद मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही.

म्हणून स्टॉल्समध्येच बसा, मधल्या वाटेच्या कडेला. पहिल्या गाण्यात प्राणी त्याच वाटेनं येतात. आणि वेळेच्या आधी पोचा. उशीर झाला तर दारात थांबवतात, मग पहिलं गाणं गेलंच.

प्रेषक: हॅरोचा तबलजी

काकू, दुष्काळाचं वाचून परत जावंसं वाटलं. पण जागेच्या बाबतीत मी वहिनींना उलटा सल्ला देईन. रॉयल सर्कलच्या पुढच्या रांगा घ्या.

कारण वाजवणारे. बाकीचा वाद्यवृंद रंगमंचापुढच्या खड्ड्यात असतो, पण तालवाद्यवाले दोघं रंगमंचाच्या दोन बाजूंना, वरच्या बॉक्समध्ये बसतात. वरून त्यांचे हात दिसतात. डावीकडून बोल निघतो, उजवीकडून उत्तर येतं, आणि मध्ये आपण बसलेलो. ध्वनिमुद्रणात हे अंतरच नसतं हो. अख्ख्या नाट्यगृहाच्या रुंदीचा सवाल-जवाब फक्त तिथेच ऐकायला मिळतो.

आपल्याकडे बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा बसायचे, सारंगीला कादरबक्ष. साथीला इतक्या तोलाची माणसं ठेवणारी ती कंपनी होती, आणि समोरचा प्रेक्षकही तसाच कानाचा होता. संगीत नाटक बघताना माझी नजर आजही आधी खाली साथीदारांकडे जाते.

अजून एक. प्रवेशद्वारापाशी कधी पाटी दिसते की आज अमुक भूमिका दुसरा नट करणार आहे. लोक हिरमुसतात. हिरमुसू नका. एका संगीतिकेला मला असा मुलगा बघायला मिळाला, पहिल्या गाण्यात त्याचा आवाज थरथरत होता आणि शेवटच्या गाण्यापर्यंत सगळं नाट्यगृह त्याच्या पाठीशी उभं राहिलं होतं. टाळ्या थांबेनात, संगीत संचालकानं हात वर तसेच धरून ठेवले. पुढचा सूर कधी निघायचा ते त्या क्षणी आम्ही ठरवत होतो.

आणि शेवटी उठायची घाई करू नका. लोक कोट घालत असतात तेव्हाही वाद्यवृंद वाजवत असतो. मी शेवटच्या स्वरापर्यंत बसतो आणि मग त्यांच्यासाठी टाळ्या वाजवतो.

प्रेषक: क्रॉयडनची आई

काकू, दादा,

बुधवारी दुपारच्या प्रयोगाला जाऊन आलो. वाटेच्या कडेची दोन तिकिटं मिळाली, लेक आणि मी तिथे बसलो. बाबा वर सर्कलला गेले, मध्यंतरात आम्हाला त्या तालवाद्यवाल्यांबद्दलच सांगत होते.

हत्ती गेला तेव्हा त्याचं कापड लेकीच्या गुडघ्याला लागलं. आतल्या माणसाच्या कपाळावरचा घाम तिला दिसला. ती वळून माझ्या कानात म्हणाली, “आई, तो दमलाय.” मग बराच वेळ काही बोलली नाही. तलाव आटला तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. काकू, मला तुमचे आजोबा आठवले.

दादा, आम्ही शेवटच्या स्वरापर्यंत थांबलो. आमच्या रांगेत आम्हीच उरलो होतो.

घरी आल्यावर तिनं माझी निळी ओढणी मागून घेतली. जुन्या वेताच्या खुर्चीच्या बैठकीला एक भोक पडलंय, त्यातून ती ओढणी खालून सावकाश ओढून बघतेय. एकसारखी जात नाही म्हणून कालपासून परत परत चाललंय. गणपतीतल्या मुलांच्या नाटुकल्यात तिला हे करायचंय. म्हणून विचारते दादा, तुम्ही तबल्याला बसाल का? ध्वनिमुद्रित संगीत चालणार नाही म्हणते.