ओला-सुका ही पालिकेची लहर नाही
"कचरा वेगळा करा असं कायद्यात कुठे लिहिलंय?" असं एकाने विचारलंय. लिहिलंय की! पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्राने २०१६ साली घनकचऱ्याचे नियम काढले. त्यात ओला, सुका आणि घरगुती घातक (रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधं, सीएफएल दिवे) असे तीन भाग कचरा करणाऱ्यानेच करायचे होते. शिवाय ५,००० चौरस मीटरहून मोठ्या बंदिस्त वसाहतींनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा होता. आमच्या सोसायटीत खताची टाकी बांधली, फोटो निघाले, आता तिच्यात जुन्या कुंड्या ठेवल्यात! सॅनिटरी पॅडच्या पाकिटासोबत विल्हेवाटीची पिशवी देणं कंपनीवर बंधनकारक केलं होतं, हे तर कित्येकांच्या गावीही नाही.