मदत हवी आहे: ९ महिन्यांच्या मुलाचं एक वृषण खाली उतरलेलं नाही, ऑपरेशन आत्ताच करावं का?

माझा मुलगा ९ महिन्यांचा आहे. दिवस भरायच्या महिनाभर आधीच झाला. डिस्चार्जच्या कागदावर ‘उजवं वृषण पिशवीत नाही’ अशी नोंद होती. डॉक्टर म्हणाले, लवकर झालेल्या बाळांत हे बरेचदा दिसतं, काही महिन्यांत आपोआप उतरतं, लसीला याल तेव्हा बघत जाऊ.

अजून उतरलेलं नाही. अंघोळीच्या वेळी कोमट पाण्यानं अंग सैल पडलं की डावी गोटी पिशवीत नीट लागते. उजवी बाजू मात्र सपाटच. जांघेत हलकेच बोट फिरवलं तर शेंगदाण्याएवढं काहीतरी सरकतं. लहान मुलांच्या सर्जननी तपासून सांगितलं, वृषण जांघेत अडकलंय, वर्षाच्या आसपास ऑपरेशन करून खाली बसवू.

नवरा तयार आहे. सासूबाईंचा जीव मात्र होत नाही. त्यांच्या माहेरी एका मुलाचं सातव्या-आठव्या वर्षी आपसूक उतरलं म्हणे. ‘एवढ्याशा जिवाला भूल कशाला?’ म्हणतात आणि डोळ्याला पदर लावतात. भुलेच्या धास्तीनं मलाही झोप नाही. मालिशवाल्या मावशी तेल लावून खाली आणते म्हणाल्या, ते मी करू दिलं नाही. एका ओळखीच्यांनी इंजेक्शनांचा कोर्स सुचवलाय.

दोन-तीन वर्षं थांबलं तर नक्की काय बिघडतं? इंजेक्शननं उतरतं का? पुढे त्याला मूल होण्यात अडचण येईल का? ज्यांच्या बाळांचं हे ऑपरेशन झालंय त्यांनी कृपया अनुभव सांगा.

प्रतिसाद १
ताई, मी मुलांच्या शस्त्रक्रिया विभागात डॉक्टर आहे. तुमच्या सर्जननी योग्य तेच सांगितलंय. लवकर झालेले आठवडे वजा केले तरी बाळाने ६ महिने ओलांडलेत, आणि त्यानंतर आपोआप उतरणं फार विरळा. म्हणून ६ महिन्यांपर्यंत वाट बघतात आणि शक्यतो १८ महिन्यांच्या आत ऑपरेशन करतात.

पिशवीतलं तापमान पोटापेक्षा २ ते ४ अंशांनी कमी असतं, आणि पुढे ज्यांपासून शुक्राणू बनतात त्या पेशींना तो गारवा लागतो. जांघेच्या उबेत त्या पहिल्या वर्षानंतर घटू लागतात. मुलाला दुखत नाही, ते खेळतं, हसतं, त्यामुळे घरच्यांना घाई पटत नाही. नुकसान मात्र आत चालूच राहतं. शिवाय अशा मुलांत हर्निया बरेचदा सोबत असतो, आणि वृषणाला पीळ पडायचा धोकाही असतो.

वृषणाच्या कर्करोगाचं विचारलं नाहीत, तरी सांगते. तो मुळात कमी जणांना होतो, पण या मुलांत धोका वाढतो. स्वीडनमधल्या सुमारे १७ हजार जणांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. १३ वर्षांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत धोका इतरांच्या साधारण दुप्पट, तर त्यानंतर झालेल्यांत पाचपटीहून जास्त आढळला. एकाच बाजूचं असेल तर बाप होण्याची शक्यता जवळपास इतरांइतकीच राहते. दोन्ही बाजूंचं असेल तर चिंता जास्त.

इंजेक्शनांच्या मागे लागू नका. त्यांचा भरवसा नाही, म्हणून आता ती सुचवत नाहीत. मालिश तर नकोच. हाताला लागतंय तेव्हा सोनोग्राफीचीही गरज नाही. कुठेच लागत नसेल तर दुर्बिणीतून पोटात शोधतात.

सासूबाईंच्या माहेरच्या मुलाचं वृषण बहुधा वर-खाली होणारं असावं. थंडीनं किंवा हात लावला की ते वर जातं, निवांत असताना खाली येतं. त्याला ऑपरेशन लागत नाही, वर्षातून एकदा तपासावं लागतं. तुमच्या बाळाचं तसं नाही, हे त्यांना नीट समजावून सांगा.

प्रतिसाद २
आमच्या मुलाचं १४ महिन्यांचा असताना झालं. सकाळी दाखल केलं, संध्याकाळी घरी. भुलेपेक्षा आधी उपाशी ठेवणं जड गेलं. पहाटेपासून दुधासाठी आकांत केला त्यानं. म्हणून पहिलाच नंबर मागून घ्या. जांघेत आणि पिशवीवर छोटे छेद, टाके आपोआप विरघळले. पिशवी काही दिवस सुजून निळसर दिसते, घाबरू नका. कडेवर पाय फाकवून घेऊ नका असं आम्हाला बजावलं होतं, आडवंच घेत होतो. सर्दी-खोकला असेल तर लपवू नका, भूलतज्ज्ञ तारीख पुढे ढकलतात. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतंय का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

धागाकर्ती
दोघींचे मनापासून आभार. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. माहेरच्या मुलाचं कळल्यावर त्या जरा शांत झाल्या, पुढच्या तपासणीला स्वतः येणार आहेत. त्यांचा एकच प्रश्न: मोठेपणी हे त्याला सांगायचं का?

प्रतिसाद १
हो, जरूर सांगा. वयात आला की महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी स्वतः तपासायला शिकवा. गाठ किंवा कडकपणा लागला तर लगेच डॉक्टरांकडे. ऑपरेशननं धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. पण वृषण हाताला लागेल अशा जागी आलेलं असतं, म्हणून काही झालंच तर लवकर कळतं. ऑपरेशनचे कागद त्याच्यासाठी जपून ठेवा.