प्रति: वर्तन-साहाय्य आणि शाळेतलं निलंबन
वर म्हटलंय की अमेरिकेतल्या हायस्कुलांत पीबीआयएस, म्हणजे शिक्षेआधी चांगलं वागणं शिकवण्याची पद्धत, आणली की कृष्णवर्णीय मुलांवरचा अन्याय आपोआप थांबेल. मला नाही पटत. 2013-14 मध्ये अमेरिकेतल्या सगळ्या सरकारी शाळा मिळून ही मुलं पटावर साधारण 15 टक्के होती, निलंबितांमध्ये मात्र 39 टक्के! सिगारेट ओढली की नाही यात वाद नसतो. 'उलट बोलला', 'आवाज चढवला' हे मात्र शिक्षक ठरवतात, आणि भेदभाव तिथेच शिरतो. म्हणून कोणाला, कोणत्या तासाला, कशासाठी वर्गाबाहेर काढलं, याचे वर्णनिहाय आकडे शिक्षकांसमोर नियमित यायलाच हवेत. लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळांनी तर 2013 मध्ये अवज्ञेसाठी निलंबन बंदच केलं. फक्त सोबत समुपदेशक द्या, नाहीतर सगळा भार वर्गशिक्षकावर पडतो.