पोलिसांनी सही घेतलेला कबुलीजबाब कोर्टात चालतो का?

वर्धारोडकर:
मंडळी, भाच्याला मोबाईल दुकानाच्या चोरीत उचललं होतं, रात्री दोनपर्यंत बसवून ठेवलं आणि टाईप केलेला कागद पुढे सरकवून म्हणे फुली मारली तिथं सही कर. पोरगं घाबरलं, केली सही. बेल झाली पण ताई सारखी रडून राहिली, म्हणते कबूल केलं म्हणजे संपलं सगळं. खरंच का?

काळाकोट:
दादा, ताईंना आधी सांगा, त्या कागदावर शिक्षा होत नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावाच नाही, १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ होतं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. कबुली द्यायचीच तर मॅजिस्ट्रेटपुढे, तेही आधी सांगतात की तुझ्यावर बंधन नाही, बोललास तर तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल.
पण मेमोरंडम पंचनामा झाला का ते बघा, म्हणजे माल कुठे आहे हे आरोपीने सांगितलेलं पंचांसमोर लिहून घेतात तो कागद! खरी मेख तिथं आहे. 'मी दुकान फोडलं आणि माल विहिरीजवळ पुरला' असं लिहिलं आणि माल तिथं सापडला, तर पहिला भाग बाद, पुरल्याचा भाग चालतो. १९४७ पासून प्रिव्ही कौन्सिलचा (इंग्रजांच्या काळातलं सर्वात वरचं अपील कोर्ट) पुलुकुरी कोट्टय्या निकाल यावर सांगतात.

जुनंपुराणं:
हे इंग्रजांनी उदारपणे दिलं नाही भाऊ. मद्रास इलाख्यात सारावसुलीत आणि पोलीस तपासात छळ होतो म्हणून कमिशन बसलं, १८५५ च्या अहवालात दोन काठ्यांमध्ये बोटं पिळायची, माणूस वाकवून बांधून ठेवायचा, असं सगळं आहे. मग १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात ही बंदी आली, तीच पुढे १८७२ मध्ये. मारून वदवलेलं खरं मानायचं नाही हे तेव्हाच कळलं होतं, तरी आजही कोठडीत तेच चाललंय, चीड येते.

रामटेकची_पोर:
मोक्का (संघटित गुन्हेगारीचा कायदा) असेल तर मात्र वेगळं हं, तिथं एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा जबाब चालतो. साध्या चोरीला तो लागत नाही.

वर्धारोडकर:
पंचनाम्याचं माहीत नाही, वकिलांना विचारतो. त्याच्या मनगटावर अजून वळ आहेत, फोटो काढून ठेवू?

काळाकोट:
फोटो काढाच पण आजच मेडिकलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, नेऊन एमएलसी (जखमांची कायदेशीर वैद्यकीय नोंद) करा, वळ चार दिवसांत जातात. आणि त्या रात्रीच्या ठाण्यातल्या सीसीटीव्हीसाठी वकिलांकरवी कोर्टात अर्ज टाका, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने फुटेज १८ महिने ठेवायला सांगितलंय, तारीख आणि वेळ अर्जात नक्की लिहा.