नॉर्थ कॅस्केड्समध्ये ग्रिझली परत आणावीत का? डोंगर भटकणाऱ्यांनी बोला

डोंगरधार

वॉशिंग्टन राज्याच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेला लागून नॉर्थ कॅस्केड्सची रांग आहे. सिएटलच्या आसपास राहणारी बरीच मराठी मंडळी उन्हाळ्यात कॅस्केड पास, सहाली आर्म नाहीतर रॉस लेकला जाऊन आलेली असतील. या डोंगरांत एके काळी ग्रिझली अस्वलं भरपूर होती. १८२७ ते १८५९ या काळात कातडी-फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीच्या या भागातल्या ठाण्यांवरून ३,७८८ ग्रिझलींची कातडी बाहेर गेल्याची नोंद आहे. इथलं शेवटचं ग्रिझली मारल्याची नोंद १९६७ ची, फिशर क्रीकच्या खोऱ्यातली. पुढच्याच वर्षी तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. अमेरिकेच्या बाजूला खात्रीशीर दर्शन १९९६ नंतर नाही.

एप्रिल २०२४ मध्ये नॅशनल पार्क सर्व्हिस आणि फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या यंत्रणांनी ठरवलं की दरवर्षी ३ ते ७ अस्वलं बाहेरून आणून सोडायची आणि ५ ते १० वर्षांत २५ चा कळप... नाही, ग्रिझली कळपाने राहत नाहीत, २५ ची सुरुवातीची संख्या उभी करायची. पुढचं उद्दिष्ट २०० चं, आणि त्याला ६० ते १०० वर्षं धरली आहेत. हे लिहीपर्यंत एकही अस्वल आलेलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. आणावीत. मॉन्टॅनात ग्रिझलीने उकरलेलं माळ मी पाहिलंय. ग्लेशियर लिलीच्या कंदांसाठी हातभर लांबीचे मातीचे गड्डे उलथून टाकलेले, मुळं वर, आणि कडेला लांब नखांच्या समांतर रेघा. अशा उकरलेल्या मातीत नत्र मोकळं होतं, नवीन रोपं धरतात. हकलबेरीच्या बिया अस्वलाच्या विष्ठेतून दूरवर जातात. कॅस्केड्सच्या माळांवर हे काम करणारं आता कुणी नाही.

ट्रेकर्सकडून सगळ्यात जास्त ऐकू येतो तो आक्षेप असा की आपल्या भटकंतीवर बंधनं येतील. येतील. पण डोंगरातून आपण फक्त घेत आलोय. थोडं गैरसोयीचं झालं म्हणून एका प्राण्याला त्याचं घर नाकारायचं, हे मला पटत नाही.

एकलवाट

"थोडं गैरसोयीचं" या शब्दांवर माझा आक्षेप आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी एकटी फिरते. कॅनडात बॅन्फला लेक लुईस परिसरातल्या काही वाटांवर हंगामात चार जणांच्या घट्ट गटानेच चालायचं असा नियम लागतो. तो कायदेशीर आहे, मोडला तर दंड. अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातलं पेलिकन व्हॅलीचं खोरं १ एप्रिल ते ३ जुलै पूर्ण बंद असतं, नंतरही सकाळी ९ ते संध्याकाळी ७ एवढंच खुलं. हे नियम चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. अस्वल असेल तिथे ते हवेतच. पण म्हणूनच, जिथे आज ते नाही तिथे आणण्याआधी या नियमांची किंमत कोण मोजणार ते बोला. आठवडाभर काम करून शनिवारी पहाटे निघणाऱ्या माणसाला दर वेळी तीन सोबती कुठून मिळायचे?

आणि बाईमाणसाच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट आहे. सह्याद्रीत एकटी निघाले की पायथ्याच्या गावापासून गडाच्या दरवाजापर्यंत प्रत्येक जण विचारतो, "सोबत कोणी नाही का?" कॅस्केड्समध्ये मला ते कुणी विचारत नाही. हा मोकळेपणा मला फार उशिरा मिळाला आहे. तो "गैरसोय" या खात्यात टाकू नका.

शिवाय इटलीतल्या त्रेंतिनोचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १९९९ ते २००२ मध्ये स्लोव्हेनियातून १० अस्वलं आणली. आता शंभराच्या आसपास आहेत. एप्रिल २०२३ मध्ये गावाजवळच्या जंगलात धावायला गेलेल्या २६ वर्षांच्या तरुणाला एका मादीने मारलं. त्या मादीचे आईबाप आणलेल्या अस्वलांपैकीच. प्रकल्प कागदावर यशस्वी होता.

मिसुलावासी

मी मॉन्टॅनात वन्यजीवशास्त्र शिकतोय, त्यामुळे धोक्याबद्दल थोडं.

यलोस्टोन १८७२ मध्ये स्थापन झालं. तेव्हापासून आजवर उद्यानाच्या हद्दीत अस्वलाने मारलेली माणसं ८. बुडून मेलेली शंभराहून अधिक, उकळत्या झऱ्यांत भाजून मेलेलीही अस्वलांपेक्षा जास्त. आणि १९७५ मध्ये यलोस्टोनच्या परिसरात दीडशेहूनही कमी ग्रिझली होती, ती आज हजाराच्या घरात आहेत.

बेअर स्प्रेवर, म्हणजे अंगावर येणाऱ्या अस्वलावर मारायच्या मिरचीच्या फवाऱ्यावर, अलास्कातला अभ्यास आहे. ब्राउन बेअरच्या बाबतीत (ग्रिझली त्यांतच येते) ९२ टक्के वेळा स्प्रेने अस्वलाचं नको ते वागणं थांबलं, आणि स्प्रे जवळ असलेल्यांपैकी ९८ टक्के लोकांना इजा झाली नाही. फक्त तो सॅकच्या तळाशी असून उपयोग नाही. कमरेला किंवा छातीच्या पट्ट्याला हवा, सेफ्टी क्लिप अंगठ्याने न बघता काढता आली पाहिजे. फवारा साधारण तीस फुटांवर पोचतो आणि काही सेकंदांत डबा संपतो. लोक विकत घेतात आणि एकदाही क्लिप काढून बघत नाहीत. सरावासाठी मिरची नसलेले डबे मिळतात, ते वापरा.

त्रेंतिनोशी तुलना करताना जमीन बघा. तिथे दरीत गावं, सफरचंदाच्या बागा, लगेच वर जंगल. नॉर्थ कॅस्केड्सचं पुनर्वसन क्षेत्र सुमारे २५,००० चौरस किलोमीटर आहे आणि त्यातलं बहुतेक सरकारी जंगल. एकलवाट, काळ्या अस्वलांमुळे तुम्ही आजही तिथे खाणं कॅनिस्टरमध्ये (अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात) ठेवता. रात्रीची शिस्त फारशी बदलणार नाही. एकट्याने फिरण्याचा धोका मात्र खरंच वाढतो, हे मान्य. हल्ले बहुतांशी एकट्यादुकट्यावर होतात.

खिंडवाला

मला एवढंच कळत नाही की हेलिकॉप्टरने आणायचं कशाला? कॅनडाला सीमा लागून आहे. यायची असतील तर चालत येतील. माणसाने काही नाही केलं म्हणजे झालं. एकदा आपण आणली की ती "सरकारी अस्वलं" होतात, आणि पहिलं वासरू मेलं की लोक सरकारवर तुटून पडतात.

मिसुलावासी

@खिंडवाला, चालत येतील हे व्हायला हवं होतं, पण सीमेपलीकडच्या कॅस्केड्समध्येही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. त्यांच्यापुढे महामार्ग, रेल्वे आणि फ्रेझर नदीचं खोरं. नर लांब भटकतो. मादी आईच्या मुलखाला लागूनच आपला मुलूख धरते. मादी नाही तर पिल्लं नाहीत. पहिली वीण पाचव्या-सहाव्या वर्षी किंवा त्यानंतर, आणि मग तीन-तीन वर्षांचं अंतर. काही न करणं म्हणजे इथे शून्यावर ठेवणं.

आणून जमतं, याचा दाखला आमच्या शेजारीच आहे. कॅबिनेट पर्वतात १९९० ते १९९४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातून चार तरुण माद्या आणल्या. त्यांतल्या एकीने तिथे बस्तान बसवलं आणि आज त्या डोंगरातली बरीच अस्वलं तिच्या वंशातली आहेत. एका मादीवर एवढं उभं राहतं.

नागभीडकर

वाचतोय मघापासून. चंद्रपूर जिल्ह्यातला आहे, ग्रिझली कधी बघितलं नाही, पण जनावरासोबत राहणं म्हणजे काय ते बघत मोठा झालो.

तुमच्या चर्चेत ट्रेकर आहे, शास्त्रज्ञ आहे, अस्वल आहे. डोंगराच्या पायथ्याला राहणारा कुठे आहे? आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये बाया पहाटे मोह वेचायला जातात, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला. वाघ तेव्हाच भेटतो. कारण मोह वेचणारी बाई वाकलेली असते, अंधुक उजेड असतो आणि नजर जमिनीवर असते. अस्वलालाही मोह हवाच असतो, ते त्याच झाडाखाली येतं. माणूस गेला तर आता २५ लाख मिळतात. पण जो जखमी होऊन वाचला, ज्याचा चेहरा अस्वलाने ओरबाडला, त्याचं पुढचं आयुष्य कुणी विचारत नाही.

पर्यटक जिप्सीतून वाघ बघून जातो आणि म्हणतो, वाघ वाढले पाहिजेत. डोंगरधार दादा, तुम्ही मनापासून लिहिलंय, पण तुम्ही सोमवारी ऑफिसला परत जाता. मी विरोधात आहे असं नाही. मला एवढंच सांगा, तिथल्या लोकांचं काय म्हणणं आहे?

डोंगरधार

नागभीडकर, तुमच्या प्रश्नाला उत्तर देणं भाग आहे.

तिथले लोक एकमताचे नाहीत. पूर्व उताराच्या ओकानोगन काउंटीत गुरं पाळणारे आणि बागायतदार आहेत, तिथे विरोध तीव्र आहे. खासदार डॅन न्यूहाउस यांनी सातत्याने विरोध केला. मूळ रहिवाशांमध्येही दोन बाजू आहेत. अप्पर स्कॅगिट जमातीच्या प्रतिनिधींनी विरोध नोंदवला, तर सीमेपलीकडच्या ओकानागन नेशन अलायन्सने २०१४ मध्येच आपल्या मुलखात ग्रिझली वाचवण्याचा ठराव केला. वॉशिंग्टन राज्याचा स्वतःचा कायदाही बाहेरून ग्रिझली आणायला मनाई करतो. केंद्राच्या यंत्रणांनी आपल्या अधिकारात हे ठरवलं.

या विरोधामुळेच आणली जाणारी अस्वलं कायद्याने "प्रायोगिक संख्या" ठरवली आहेत. म्हणजे गुरांवर येणाऱ्या किंवा माणसाला धोका होणाऱ्या अस्वलाला हुसकावण्याची, हलवण्याची, काही परिस्थितीत मारण्याचीही मुभा. काही निसर्गप्रेमींना हे आवडलेलं नाही. मला ते योग्य वाटतं. ज्याच्या गोठ्याशी अस्वल येणार त्याच्या हातात काहीच ठेवलं नाही, तर तो गुपचूप गोळी घालेल, आणि तेव्हा कळणारही नाही. गुरांची भरपाई आणि विजेची कुंपणं यांचे पैसे अस्वल यायच्या आधी हातात पडले पाहिजेत, नंतर अर्ज करून नव्हे. यासाठी आम्हा भटकणाऱ्यांकडून परमिटमागे जादा शुल्क घेतलं तरी मी आनंदाने देईन.

एकलवाट

शुल्क मीही देईन. पण माझा प्रश्न पैशाने सुटत नाही.

मिसुलावासींचे आकडे मी नाकारत नाही. स्प्रे घेऊन फिरेन, टाळ्या वाजवत, ओरडत चालेन. पण मग मी ज्यासाठी जाते ती शांतता उरत नाही. हे तुम्हाला क्षुल्लक वाटेल, मला नाही. अस्वलं आणायचीच असतील तर आधी जाहीर करा की कोणत्या वाटा कोणत्या महिन्यांत बंद होतील, गटाची अट कुठे लागेल आणि कुठे कधीच लागणार नाही. हे लेखी समोर ठेवलं तर मी पुन्हा विचार करेन. तोवर माझं मत नाही असंच आहे.

मिसुलावासी

ही मागणी रास्त आहे. कोणत्या वाटा बंद होतील हे अस्वलं कुठे बस्तान बसवतात त्यावर ठरणार, त्यामुळे पूर्ण यादी आधी कुणालाच देता येणार नाही. पण वर्षातून एकदा, हंगामाच्या आधी, रेडिओ कॉलरच्या माहितीवरून ती जाहीर करता येईल. आणलेल्या अस्वलांना कॉलर असणारच आहेत.

नागभीडकर

आणि ती माहिती फक्त ट्रेकरच्या मोबाइलवर नको. गावातल्या दुकानात, चर्चच्या दारात कागद चिकटवा. आमच्याकडे वाघाला कॉलर असते, तो कुठे आहे हे वनखात्याला माहीत असतं, मोह वेचायला निघालेल्या बाईला नसतं.