नशा सुटत नसेल तर निदान कमी घातक नशा शोधायला काय हरकत आहे?

आडवाट :
माणूस नशा करायचं सोडत नाही हे आता मान्य करूया का? बंदी करून झाली, शिक्षा करून झाल्या, पोस्टरं लावून झाली, आणि तरी जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ सालचा अंदाज बघा, एकट्या दारूने वर्षाला २६ लाख मृत्यू, बाकीच्या ड्रग्जचे ६ लाख वेगळे. मला कळत नाही ते असं की भुलीचं औषध आपण सुधारत नेलं, आज क्लोरोफॉर्म हुंगवून कोणी ऑपरेशन करत नाही, मग नशेसाठी मात्र हजारो वर्षांपूर्वीचंच द्रव्य का? दारू मेंदूतल्या गाबा रिसेप्टरवर (मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं रसायन पेशीवर जिथे चिकटतं ती जागा) काम करते म्हणून सैल वाटतं, पण ती तेवढ्यावर थांबत नाही, आणखी बऱ्याच ठिकाणी लुडबुड करते, शिवाय शरीरात तिचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं जे कॅन्सरला कारणीभूत आहे. ब्रिटनचे मेंदू आणि औषधांचे अभ्यासक डेव्हिड नट बरीच वर्षं सांगतायत की गाबा रिसेप्टरच्या हव्या त्याच उपप्रकारांवर आणि तेही अर्धवटच काम करणारं द्रव्य बनवता येईल, म्हणजे एका मर्यादेनंतर कितीही प्यायलात तरी जास्त चढणारच नाही. दारू ही एलएसडी नि एक्स्टसीपेक्षा घातक आहे असं बोलले म्हणून २००९ मध्ये त्यांना सरकारी सल्लागार समितीच्या अध्यक्षपदावरून काढलं. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात क्रमवारी छापली, पिणाऱ्याचं आणि आजूबाजूच्यांचं नुकसान मिळून दारूला १०० पैकी ७२ आणि हेरॉइनला ५५. यावर सरकारी पैशाने संशोधन व्हायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

कडुनिंब :
पूर्ण असहमत. "ही नशा सुरक्षित आहे" हे वाक्य आपण पहिल्यांदा ऐकत नाहीये. १८८४ मध्ये फ्रॉइडने मॉर्फिन सोडवायला कोकेन सुचवलं, त्याचा डॉक्टर मित्र फ्लायश्ल-मार्क्सोव याला दिलंही, तो दोन्हीत अडकला आणि १८९१ ला गेला. १८९८ मध्ये बायरने हेरॉइन आणलं, खोकल्याचं औषध, मॉर्फिनसारखी सवय लागत नाही म्हणून. मग बार्बिच्युरेट ही जुनी झोपेची औषधं घातक म्हणून १९६० ला चिंता कमी करणारी लिब्रियम आणि मागून व्हॅलियम, ज्या गोळ्या सोडवताना आजही लोकांना फिट्स येतात. १९९६ ला ऑक्सिकॉन्टिन, अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी, हळूहळू विरघळते म्हणून व्यसन कमी लागेल असं सांगत विकली आणि २००७ मध्ये कंपनीने कोर्टात दिशाभूल केल्याची कबुली दिली. यातले सगळे खोटारडे होते असंही नाही हो, फ्रॉइडला मित्र वाचवायचाच होता. म्हणून तर जास्त भीती वाटते.

झुळूक :
कडुनिंब +१. आणि धंद्याचं काय? कंपनीला महिन्यातून एकदा घेणारा नको असतो, रोज घेणारा हवा असतो. ई-सिगारेट सिगारेट सोडवायला म्हणून आली आणि कधी सिगारेटला हातही न लावलेली शाळकरी पोरं ओढायला लागली.

आडवाट :
@झुळूक, पोरांचं खरं आहे, त्याला कडक कायदा हवाच. पण तंबाखूचंच उदाहरण घेतलंत तर पुरतं घ्या. स्वीडनमध्ये पुरुष सिगारेटऐवजी ओठाखाली स्नूस म्हणजे ओलसर तंबाखू ठेवतात, निकोटिनची सवय तीच, पण त्यांच्यात फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण युरोपात सगळ्यात कमी असणाऱ्यांत मोडतं, कारण धूर नाही. सवय तीच राहून मरणं कमी झालं, माझं एवढंच म्हणणं आहे.
@कडुनिंब, हेरॉइन आलं तेव्हा विकायच्या आधी सुरक्षितता सिद्ध करा अशी सक्तीच नव्हती. आणि मर्यादेची कल्पना हवेतली नाही, हेरॉइनचं व्यसन सोडवायला देतात ती ब्युप्रेनॉर्फिन तशीच चालते, अमुक डोसनंतर श्वास आणखी दाबला जात नाही.

समईवात :
ब्युप्रेनॉर्फिनचं नाव निघालं म्हणून लिहिते, व्यसनमुक्तीत नर्स आहे. ही गोळी जिभेखाली ठेवायची, गिळली तर बहुतेक वाया जाते, त्यामुळे पेशंट समोर बसतो, बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही, पाच-दहा मिनिटांनी तोंड उघडायला लावून जीभ वर करून बघायचं की विरघळली का, कारण काही जण गालात लपवून बाहेर नेतात. पहिला डोस तर अजून नाजूक, अंगात हेरॉइन असताना दिली की ती रिसेप्टरवरून हेरॉइनला हुसकावते आणि माणसाला एकदम जोरात विथड्रॉवल येतो, उलट्या, घाम, अंग मोडून निघतं. म्हणून आधी त्याला त्रास सुरू होऊ द्यायचा, जांभया, नाकाला पाणी, डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या, मग गोळी. जीव वाचवते का, तर हो, डोळ्यांदेखत वाचवते, माझ्याकडची माणसं कामाला परत गेलीत. पण आडवाट दादा, तिच्यात जुन्या पेशंटला फारशी झिंगच येत नाही, तलफ तेवढी भागते. तुम्हाला मजा पण हवी आणि धोका नको, ते या गोळीने सिद्ध होत नाही. आणि मर्यादा आहे ती एकटी घेतली तर. वर झोपेच्या गोळ्या किंवा दारू घेतली की श्वास थांबू शकतो. तुमची नवी दारू पिऊन कोणी वर खरी दारू पिणार नाही याची खात्री कोण देणार?

कडुनिंब :
समईवात ताईंनी नेमकं बोट ठेवलं. आणखी एक भीती, प्रयोगशाळेतला कागद बाहेर पडला की तो फक्त चांगल्या माणसांच्या हातात राहत नाही. डेव्हिड निकोल्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ एक्स्टसीसारख्या रेणूंचा अभ्यास करत होते, त्यातल्या ४-एमटीएवर त्यांनी उंदरांवरच्या प्रयोगांचे पेपर छापले. कोणीतरी ते वाचून गोळ्या पाडल्या. ती उशिरा चढते, म्हणून पोरं काही होत नाही समजून दुसरी घ्यायची. २००२ पर्यंत सहा मृत्यू तिच्याशी जोडले गेले, हे निकोल्सनी स्वतःच २०११ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात लिहिलंय. रसायनशास्त्रज्ञ जॉन हफमन यांनी बनवलेल्या जेडब्ल्यूएच-०१८ या द्रव्याचं तेच. गांजातलं नशा आणणारं टीएचसी रिसेप्टरवर अर्धवट काम करतं, हे पूर्ण ताकदीने करतं, आणि "कायदेशीर गांजा" म्हणून पाकिटातून विकलं गेलं.

आडवाट :
पण ही दोन्ही उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत ना! तो माल विकला गेला कारण कोणी तपासलाच नव्हता, डोस माहीत नाही, आत काय आहे माहीत नाही. समोरून येऊन "हे घ्या, तपासा" म्हणायला बहुतेक देशांत खिडकीच नाही, मग मागच्या दारानेच येणार.

पानगळ :
खिडकी उघडून बघितलीय एका देशाने. न्यूझीलंडने २०१३ मध्ये कायदा केला की उत्पादकाने धोका कमी आहे हे सिद्ध करावं आणि परवाना घेऊन विकावं. तोपर्यंत काही माल तात्पुरता चालू ठेवला, त्यावर लोक भडकले, २०१४ च्या मे महिन्यात तात्पुरते परवाने रद्द झाले आणि मंजुरीसाठी प्राण्यांवरच्या चाचण्यांचा पुरावा चालणार नाही असं ठरलं. प्राण्यांवर तपासलेलं चालत नाही तर निरोगी माणसाला पहिला डोस कशाच्या भरवशावर देणार? कायदा पुस्तकात आहे, मंजूर माल एकही नाही. मी संशोधनाच्या बाजूचाच आहे, पण लिव्हर, कॅन्सर, विसरभोळेपणा या गोष्टी वीस वर्षांनी दिसतात, दोन वर्षांच्या चाचणीत तुम्ही काय बघणार आहात?

आडवाट :
दारूशी तुलना करून बघा, पाण्याशी नको. दारू त्या चाचणीत आज बसवली तर पहिल्याच टप्प्यात बाद होईल. दोन वर्षांत सगळं कळणार नाही म्हणून तर आधी थोड्यांनाच, नोंदणी करून, वर्षानुवर्षं लक्ष ठेवून द्यावं. जाहिरात शून्य, आणि कंपनीने स्वतःच्या चाचण्या स्वतः करायच्या नाहीत. एवढ्या अटी घालूनही विरोध असेल तर मग मला त्याचं कारण कळत नाही.

कडुनिंब :
कारण सांगतो. दारू बाद होईल म्हणता, पण ती बाजारातून जाणार नाही, नवीन गोष्ट तिच्या शेजारी येऊन बसेल आणि जे आज काहीच घेत नाहीत ते "सुरक्षित आहे ना" म्हणून सुरू करतील. मला आधी हे दाखवा की पिणारे खरंच इकडून तिकडे सरकतात, भर पडत नाही. ते दाखवलंत तर माझा विरोध निम्मा कमी.

समईवात :
तुमचा रेणू यायला वीस वर्षं लागोत नाहीतर पन्नास, लोक आज रात्री घेणारच आहेत. नेदरलँड्समध्ये १९९० च्या दशकापासून माणूस आपली गोळी देऊन तपासून घेऊ शकतो, आत काय आणि किती ते कळतं, भलतंच काही सापडलं तर सगळ्यांना इशारा जातो. नॅलॉक्सोनचा नाकातला स्प्रे घरच्यांच्या हातात असला तर हेरॉइनने थांबलेला श्वास परत येतो, तो मारायला डॉक्टर लागत नाही, पण त्याचा असर अर्धा-एक तासात उतरतो आणि माणूस परत निपचित पडू शकतो म्हणून अँब्युलन्स तरीही बोलवायचीच. आडवाट दादा, संशोधनाला पैसे मागा, माझी ना नाही, पण त्या मागणीत हे दोन्ही पहिल्या ओळीला घाला, मग माझी सही घ्या.

आडवाट :
घालतो, पहिल्याच ओळीला. @कडुनिंब, पिणारे सरकतात की भर पडते हे मोजायचं म्हटलं तरी आधी कुठेतरी छोट्या प्रमाणात द्यावं लागेल, त्याला तरी तुमची हरकत आहे का?